अक्रोडी पॉलिश

"हितं बस. न्हाई, हितं नको. ऊठ!"

झुंबरबाईंनी इंद्रायणीला पुन्हा उठवलं आणि खुर्ची उचलून पांढऱ्या पडद्यापाशी नेली.

"आई, मी काय फ्लॉवरपॉट हाये का? हितं ठिव, तितं ठिव!"

"गप बस. पावणं दुपारी येत्यात."

पाहुणे महाळुंगे पडवळचे. मुलगा नवनाथ, पिंपरीला कंपनीत पर्मनंट. याआधी आलेल्या स्थळांनी चहा प्यायला, पोरीचं कौतुक केलं आणि घरी जाऊन एकच निरोप धाडला: मुलगी सावळी आहे. सावळी हा आपला सभ्य शब्द. आपसात ते काय म्हणाले असतील, हे झुंबरबाईंना कुणी सांगायची गरज नव्हती. हेही स्थळ गेलं तर पोरीला बिजवर बघावा लागेल, असं भावकीतल्या बायका आता तोंडावर बोलायला लागल्या होत्या.

आणि घर तरी कसं! टोमॅटोनं हात दिला त्या साली पोरीच्या बापानं, सोमनाथभाऊंनी, वारूळवाडीत बंगला बांधला. पुण्याच्या कुठल्याशा हॉटेलात त्यांनी गडद लाकडाच्या भिंती पाहिल्या आणि वेडच लागलं त्या माणसाला. हॉलच्या भिंतींना लाकूड, छताला लाकूड, जिन्याला लाकूड, टीव्हीला लाकडाचं कपाट, आणि या सगळ्याला काळपट अक्रोडी पॉलिश. हौसेला मोल नसतं म्हणतात. पण डोळे तरी असावेत की नाही? शेजारची सखूबाई म्हणायची, "बया, तुमच्याकडं यायचं म्हंजी भर दुपारी बॅटरी लागती."

म्हणून आठवडाभर झुंबरबाईंनी त्या काळोखाशी लढाई मांडली होती. पांढरे पडदे आणले. सोफ्याला सायीच्या रंगाची कव्हरं शिवून घेतली. आरसे लावले, जादा ट्यूबा लावल्या. हॉल कसा लख्ख झाला. आणि त्या लख्ख हॉलमध्ये, पांढऱ्या पडद्यापुढं पोरीला बसवलं, तर पोरगी आणखीच काळी दिसायला लागली!

"बस आता कुठंबी," म्हणत त्यांनी वैतागून खुर्ची लाकडाच्या भिंतीला टेकवली. इंद्रायणी बसली. झुंबरबाई बघतच राहिल्या. त्या गडद लाकडापुढं पोरगी चांगली उजळली होती. गव्हाळ म्हटलं तरी खपेल, अशी.

"अहो, हिकडं या! तुमचं लाकूड कामाला आलं एकदाचं!"

झालं. पडदे उतरले, कव्हरं निघाली, ट्यूबा बंद. सोमनाथभाऊ मिशीत हसत होते. "मी म्हणत व्हतो का न्हाई? रंग म्हंजी हाच!"

इंद्रायणी मात्र हसली नाही. बी.कॉम.ला पहिल्या वर्गात आलेली पोर. आपण कशापुढं कमी काळ्या दिसतो हे आईनं शोधून काढलं आणि वर आईला त्याचा आनंद झाला, हे बघून तिचे डोळे भरले. झुंबरबाईंना ते दिसलं. जीव तुटला. पण त्यांनी तिकडं पाहिलं नाही. आधी लग्न ठरू दे, मग रडायला अख्खा जन्म पडलाय.

पाहुणे आले. नवनाथ, त्याचे वडील आणि त्याची आई कुशाबाई. नाव काय, शिक्षण काय, स्वयंपाक येतो का, सगळं विचारून झालं. नवनाथ खाली मान घालून बसला होता. झुंबरबाईंचं सारं लक्ष कुशाबाईंच्या डोळ्यांकडं. ते डोळे इंद्रायणीच्या खुर्चीपाशी जे खिळले ते हलेनात. वरून खालपर्यंत पाहिलं, मान कलती करून पाहिलं. मग कुशाबाई नवऱ्याकडं वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "आपल्या घरात असंच पायजे."

"व्हय, शोभून दिसंल," नवरा म्हणाला.

झुंबरबाईंनी पदरानं डोळे टिपले. आजवर आलेल्या कुणीच त्यांच्या पोरीकडं इतक्या मायेनं पाहिलं नव्हतं.

पाहुण्यांची जीप वळणावर दिसेनाशी होते न होते तोच पोरगी पसंत पडल्याची बातमी सखूबाईच्या ओट्यावर पोचली. संध्याकाळी तर मांडव दारात घालायचा की कार्यालय घ्यायचं, यावर नवराबायकोचं वाजलंसुद्धा. बाजारात तुरी, दुसरं काय!

"आगं, निरोप तर येऊ दे," सोमनाथभाऊ म्हणाले.

"निरोप कशाला? मी माझ्या कानानं ऐकलंय."

नारायणगावच्या बाजारादिवशी फोन वाजला. झुंबरबाईंनी धावत जाऊन रिसीव्हर उचलला. इंद्रायणी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. नाही म्हटलं तरी तिलाही आता आशा लागली होती.

"झुंबरबाई, मी कुशाबाई. लई पाहुणचार केला तुमी. पोरगी बी गुणाची हाये. पण काय करावं, नवनाथ रंगावर आडून बसला. आळेफाट्याची पोरगी ठरवली आमी. मनाला लावून घिऊ नका."

झुंबरबाईंनी दारातल्या पोरीकडं पाठ केली.

"पण तुमीच म्हणला व्हता की... असंच पायजे म्हणून. मी ऐकलं ना."

"आगं बाई, ऐकलं व्हय तुमी? मग तर सांगायला सोपं झालं. ती खुर्चीमागची भिंत हो! लग्नाआधी आमचा बी हॉल तसाच करायचाय. तेवढा तुमचा पॉलिशवाला धाडून द्या. अन् त्याला बजावून सांगा, रंग तसाच काळाभोर पायजे. जरा बी उजळ नको."