नव्वद टक्के

श्रवणयंत्रं जुळवून देणं हे तिचं रोजचंच काम; पण बाबांच्या यंत्राचा प्रोग्रॅम फक्त विंडोजवर चालायचा आणि तिच्या लॅपटॉपवर होतं लिनक्स. मग विंडोजची भाषा लिनक्सला समजावून सांगणारा एक दुभाषी प्रोग्रॅम तिने टाकला, तरीही इन्स्टॉलर नव्वद टक्क्यांवर येऊन हटकून मान टाकायचा.

रविवारी सकाळी, अकराव्या खेपेला, तिने आधीचं सगळं पुसून टाकलं, राहिलेली एक फाइल अगोदर घातली आणि सेटिंगमध्ये विंडोजचं जुनं व्हर्जन निवडलं. नव्वद... एक्याण्णव... शंभर! ती खुर्चीवरून उडालीच.

यंत्र जोडून तिने आवाज हळूहळू वाढवला.

"बाबा, ऐकू येतंय?"

"अगं, ओरडतेस कशाला!" बाबा म्हणाले, आणि दोघं हसता हसता रडायला लागली.

मग बाबा सुटलेच. दाराची कडी पाच वेळा वाजवून पाहिली, घड्याळाला कान लावला, स्वतःच्या चपलांच्या आवाजावर खूश होऊन दोन फेऱ्या जास्तीच्या मारल्या. आईला ही बातमी द्यायला स्वयंपाकघराकडे धावले आणि दारातच थबकले. आत आई पाठमोरी उभी राहून, भांडी विसळत, अगदी मोकळ्या गळ्याने गात होती. गाणं संपेपर्यंत ते हलले नाहीत.

"तू गातेस? आणि इतकं सुरेख? कधीपासून गं?"

आईच्या हातातली वाटी सटकली. ती लाजून लालबुंद झाली.

 

"तुम्हाला ऐकू येईनासं झालं ना, तेव्हापासून!"