आठवी प्रत

फुटबॉलच्या त्या अंतिम सामन्याच्या स्मरणार्थ काढलेल्या ग्रामोफोन तबकडीच्या सातही प्रतींवर ओरखडा एकाच जागी होता: कर्णधाराने आभार मानल्यानंतर, टाळ्यांच्या ऐन मध्यात. प्रती सात गावांतल्या सात अनोळखी माणसांकडून आल्या होत्या.

त्या जमवणाऱ्या निवृत्त भौतिकशास्त्र-शिक्षकाने भिंग लावले. दोष साच्यातला नव्हता. प्रत्येक ओरखडा घाईने उचललेल्या सुईचा होता.

"हात थरथरला असेल," तो म्हणाला.

"सातही जणांचा? आणि नेमका तिथेच?" बायकोने चष्म्यावरून पाहिले. "तुमचं शास्त्र बाई भलतंच सोयीचं!"

हे त्याच्या जिव्हारी लागले. आठवी प्रत वीस वर्षे शोधून मिळाली होती. न उघडलेली, एकमेव निष्कलंक. त्याने वेष्टन फाडले, सुई टेकवली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. बायको चहा आणायला गेली.

कर्णधार बोलला. टाळ्या सुरू झाल्या.

ती परतली तेव्हा खोली शांत होती आणि सुईची दांडी त्याच्या मुठीत होती.

"अहो, काय ऐकलंत?"

त्याने भिंगाखाली तबकडी धरून पाहिली आणि नोंदवहीत लिहिले: "आठवी प्रत. ओरखडा त्याच जागी. कारण: ऐकणाऱ्याचा हात."