मुठीतली ज्वारी

रुग्णवाहिका चोपड्याच्या रस्त्याने वर वळली, तशी बिजलाने दाराची चौकट धरली. त्याचा मुलगा ईश्वर पेटीतून घरी येत होता. समुद्रापलीकडच्या देशात, बांधकामाच्या परांचीवरून पडून तो गेला, असं धुळ्याच्या एजंटाने फोनवर सांगितलं होतं.

शेजारचा चुडामण सकाळपासून बिजलाला सोडून हलला नव्हता. त्याचा मुलगा झुलाल आणि ईश्वर एकत्रच तिकडे गेले होते, एकाच मालकाकडे.

मग तिकडच्या सरकारला परदेशी मजुरांचे परवाने नव्याने करायची हुक्की आली. मालकाने प्रत्येक मजुराच्या दहाही बोटांचे ठसे द्यायचे, मग कार्ड मिळायचं, आणि ते रोज गळ्यात घालून कामावर जायचं. झुलालच्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट लहानपणीच कडबा कापायच्या यंत्रात गेलं होतं. आठ बोटांसाठी सरकारशी कोण डोकं लावणार? मालकाने त्याचा परवानाच सोडून दिला. झुलालने घरी कळवलं, की मजुरांच्या खोलीवर सैपाकाला राहतो, तिकिटाची सोय झाली की येतो.

तेव्हा चुडामणने नियम करणाऱ्यांचा उद्धार केला होता. आता मनातल्या मनात तो त्याच नियमाला हात जोडत होता. आपलं पोरगं त्या परांचीवर चढत नव्हतं! असं वाटलं आणि त्याला बिजलाकडे बघायची लाज वाटली.

पेटी घरात ठेवली. एजंट बन्सीलाल घाम पुसत म्हणाला, "तोंडावरचं कापड काढू नका, भाऊ. पाहवणार नाही. दवाखान्याने सगळं गुंडाळूनच दिलंय."

"चूक तं नही ना व्हयनी?" बिजलाने विचारलं. "दुसरा कोना पोऱ्या व्हई तं?"

"ईश्वरचंच कार्ड होतं गळ्यात. आणि आता फार कडक केलंय त्यांनी. आपलं कार्ड दुसऱ्याला वापरू दिलं तर तुरुंग. त्यात तो दुसरा मेला, तर देणारा जन्मभर आत. कोण कशाला देईल?"

बिजलाने मान हलवली. एवढी एक आशा होती, तीही गेली.

त्यांच्या भावकीत पुरण्याआधी बापाने मयताच्या उजव्या मुठीत घरची ज्वारी ठेवायची रीत होती. तेव्हा आत दुसरं कोणी थांबत नसे. ईश्वरच्या आईने, सुगंधाबाईने, पसाभर दाणे नवऱ्याच्या हातात दिले आणि ती भिंतीला टेकून खाली बसली. बिजलाने आत जाऊन दार लोटलं.

बराच वेळ दार उघडलं नाही. बाहेर बायकांचं रडणंसुद्धा थांबलं. मग दार थोडंसं उघडलं.

"चिंधी दे," बिजला म्हणाला. "मूठ बांधनी पडी."

सुगंधाबाईने लुगड्याचा काठ फाडून दिला. एवढ्या दिवसांचं मयत, हात ताठला असेल, असंच सगळ्यांना वाटलं.

तो बाहेर आला. बन्सीलालने विचारलं, "पटली ना ओळख?"

बिजलाने सुगंधाबाईकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती.

"मनाच शे," तो म्हणाला. "ईश्वरच शे."

तिने हंबरडा फोडला. बिजला तिच्या शेजारी बसला.

नाल्याकाठी चुडामण खड्डा खणत होता. बिजलाने जाऊन त्याच्या हातातली कुदळ धरली. "तू नको खणू."

"का नको? ईश्वर मना बी पोऱ्याच व्हता." चुडामणने कुदळ सोडवून घेतली. खणता खणता तो सांगत राहिला. "झुलालले फोन करा मी. उचलस नही. नुसता मेसेज धाडस, मी बरा शे, आते फोन करू नका म्हणे. दोस्त गया, कसा बोलई त्यानाघाई?"

बिजला खाली वाकून हातांनी माती उपसू लागला.

पुरून झाल्यावर चुडामणने स्वतःच्या डोक्याचा पांढरा रुमाल सोडून मातीवर अंथरला, चारी कोपऱ्यांना दगड ठेवले. लोक पांगले. तो घरी जाऊन भाकर घेऊन आला आणि त्याने घास मोडून बिजलाच्या तोंडापुढे धरला.

"खाय भाऊ. तुले आते जगनं पडी, वहिनीसाठे."

बिजलाने तोंड फिरवलं. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. चुडामणने घास खाली ठेवला आणि त्याला पोटाशी धरलं.

"मूठ नीट मिटनी ना? दाना धरात ना पोऱ्यानी?"

"धरात," बिजला म्हणाला.

आत, दार लोटून, त्याने तीनदा ती मूठ भरली होती, आणि तीनदा दाणे पेटीत सांडले होते. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट असायला हवं तिथून.