हे चावतात?

नात मला फक्त फोनच्या पडद्यावर ओळखायची. सुट्टीला आली आणि अख्खा आजोबा समोर पाहून आईमागे लपली, ती लपलीच. शेवटी लेकीने आम्हाला प्राणी कुरवाळायच्या बागेत आणलं. तिथे प्रत्येक कुंपणापाशी नात राखणदाराला विचारायची, “हा चावतो?” तो “नाही” म्हणाला की बिनधास्त हात फिरवायची. शेळी झाली, ससा झाला. गाढवाला तर तिने मिठीच मारली. गाढवाचा एवढा हेवा मला नोकरीतसुद्धा वाटला नव्हता. तेवढ्यात तिने माझ्याकडे बोट दाखवलं. “आणि हे चावतात?” “अगं, आजोबा आहेत ते!” लेक ओशाळली. राखणदार गंभीरपणे म्हणाला, “त्यांनाच विचार.” मी उकिडवा बसलो, कवळी काढून खिशात टाकली आणि बोळकं उघडलं. तिने डोकावून पाहिलं. मग चिकट हात माझ्या गालावरून फिरवला. मला बोलता येईना. कवळी खिशात होती ना!