मधोमध ठेवलेला डबा

कारखान्यातल्या लोकांची सहल गेल्या वर्षी गंगापूर धरणावर गेली, तेव्हा बौद्ध वसाहतीतल्या मालनबाईचा डबा जसा भरला होता तसाच परत आला होता. तोंडाने कुणी काही बोललं नव्हतं. फक्त सगळ्यांची पोटं एकदम भरली होती. यंदा पुन्हा तिथेच आल्यावर नवरा म्हणाला, "आपण आपलं झाडाखाली वेगळं बसू."

"वेगळंच बसायचं तर घर काय वाईट होतं?" असं म्हणून मालनबाईने भरताचा डबा उघडला आणि सतरंजीच्या बरोब्बर मधोमध ठेवला.

बायका धरणाचं पाणी न्याहाळू लागल्या. तेवढ्यात सुपरवायझरची आई, गळ्यात तुळशीची माळ घातलेली आक्काबाई, ताट घेऊन उठली आणि मालनबाईसमोर येऊन बसली.

"वाढ गं मला."

"तिखट आहे, आजी. झेपेल का?"

"ठसका लागेल. जीव नाही जायचा."

सुनेने मागून पदर ओढला. "आई, अहो, तो डबा..."

"कुणाचा ते ठाऊक आहे मला. जन्मभर काल्याचं कीर्तन नुसतं ऐकलं, आता काला खाऊ दे की!"

आक्काबाईने घास घेतला, ठसकली, डोळे पुसले आणि ताट पुन्हा पुढे केलं. मग एकेक ताट सरकत आलं.

संध्याकाळी मालनबाई दारात डबा नाचवत शेजारणीकडे तक्रार करत होती, "मेल्यांनी मला बोटभरसुद्धा ठेवलं नाही गं!"