कानठळ्यांचे बोल

गाण्याची दुसरी ओळ भिंतीवर उमटली आणि थोरल्याच्या हातातली काठी ड्रमऐवजी त्याच्याच गुडघ्यावर बसली.

सभागृहाच्या दोन्ही भिंतींवर आज पडदे लावले होते. धाकटा गात होता आणि त्याचे शब्द तिथे मोठ्या अक्षरांत झळकत होते. संयोजकांची हौस, दुसरं काय. 'कानठळ्या' बँडची गाणी लोक चार वर्षं ऐकत होते. आज ती कळायची सोय झाली होती.

'कानठळ्या' म्हणजे हार्डकोअर बँड. गिटार करवतीसारखी चालवायची, ड्रम दार फोडल्यासारखे बडवायचे आणि गायकाने गाणं सोडून बाकी सगळं करायचं. थोरला पंपांच्या कंपनीत इंजिनिअर, तो ड्रम वाजवी. त्याचा सख्खा धाकटा भाऊ बटाट्यांच्या शीतगृहात कामाला, तो गाई. गिटारवाला दातांचा डॉक्टर होता. आठवडाभर तो लोकांना 'आ करा' म्हणून विनवी, शनिवारी लोक आपणहून आ करत. बेस वाजवायला त्याचा मेहुणा होता. त्याला कशाबद्दलच मत नव्हतं, म्हणून बँड टिकला होता. सराव शीतगृहातल्या एका रिकाम्या खोलीत चाले. भिंती हातभर जाड होत्या, आणि शेजारच्या खोलीतले बटाटे तक्रार करत नसत.

पहिल्या कार्यक्रमाला मोजून नऊ माणसं आली, तीही बहुतेक घरचीच. मग कुणीतरी धाकट्याच्या किंचाळण्याचा व्हिडिओ पसरवला आणि नशीब फळफळलं. शहरात त्यांची पोस्टरं लागली. एका जाणकाराने वर्तमानपत्रात लिहिलं की, 'तू' या गाण्यातला तू म्हणजे निर्दय व्यवस्था. शब्द त्यालाही कळले नव्हते, पण जाणकारांचं तेवढ्यावरून अडत नाही. त्या दिवसापासून 'तू' हा शब्द आला की शेकडो मुठी व्यवस्थेविरुद्ध वर जाऊ लागल्या. डॉक्टर दवाखान्यातही काळा टीशर्ट घालू लागला. मुलाखती थोरला देई, कारण शिकलेला तोच. "आमचा राग सामाजिक आहे," तो सांगे. शेजारी बसलेला धाकटा मान डोलवी. एरवी तो इतक्या हळू बोलायचा की घरी आई प्रत्येक वाक्याला "काय म्हणालास?" करायची.

थोरल्याने त्याला गाण्याचे शब्द कधी विचारले नाहीत. राग सामाजिक आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मुलाखतीत तो स्वतःच तर सांगत होता.

आता भिंतीवर लिहिलेलं होतं:

*घरातून एकालाच पाठवता येणार होतं*
*मी म्हटलं, मला शिकायचंच नाही*
*तू दुसऱ्यांदा विचारलंही नाहीस*
*लगेच बॅग भरायला घेतलीस*

'तू' आला तशी सवयीने मुठी वर गेल्या, आणि वरच अडकल्या. लोक वाचायला लागले होते. पुढच्या रांगेतल्या एका दांडगटाने शेजाऱ्याला ढकलायला उचललेला हात त्याच्या खांद्यावर तसाच ठेवून दिला. एकमेकांना तुडवायला आलेली माणसं वाचनालयात उभी राहावीत तशी उभी राहिली. मग कडव्याच्या शेवटच्या दोन ओळी आल्या:

*आता माझ्याच मागे बसतोस, दादा*
*आणि माझ्यापेक्षा मोठा आवाज करतोस*

सगळं सभागृह ड्रमकडे बघायला लागलं.

थोरल्याचे हात थांबले. डॉक्टर आणि मेहुणा चार सूर पुढे जाऊन थांबले. धाकट्याने डोळे मिटून गाणं एकट्याने पुरं केलं. मागे आवाज नव्हता, त्यामुळे त्याचा शब्द न् शब्द कळला.

विंगेत आल्यावर डॉक्टर लालबुंद झाला होता. "लोक व्यवस्थेवर चिडायला येतात," तो म्हणाला. "तुमच्या घरच्या भानगडी ऐकायला नाही. शब्द लिहून द्यायची काय गरज होती?"

"संयोजकांनी मागितले," धाकटा म्हणाला. "आजवर कोणी मागितलेच नव्हते."

थोरला काठ्या पिशवीत भरत राहिला.

बँड त्याच आठवड्यात मोडला. 'कलात्मक मतभेद' असं जाहीर झालं, म्हणजे कारण सांगायची लाज वाटते. डॉक्टरने पुन्हा पांढरा कोट चढवला. मेहुणा पुढच्या शनिवारीही सरावाला येऊन शीतगृहाच्या दाराशी ताटकळला. त्याला कळवायचं राहून गेलं होतं. जाणकाराने लिहिलं की, व्यवस्थेने आणखी एक आवाज दाबला.

थोरल्याने आठ दिवस काढले. नवव्या दिवशी सकाळी तो धाकट्याच्या खोलीत गेला. धाकटा कामावर जायचा शर्ट इस्त्री करत होता. थोरला दारातच उभा राहिला.

"तुला खरंच शिकायचं होतं?"

"हो."

"काय शिकायचं होतं?"

"ते कुठे ठरवलं होतं? ती वेळच आली नाही." त्याने कॉलर उलटी करून इस्त्री फिरवली.

"अरे, मग मला एकदा सांगायचं तरी."

धाकट्याने नवलाने वर पाहिलं. "सांगत होतो की."

थोरला आत येऊन खाटेच्या कडेवर टेकला. तो इतक्या हळू बोलला की धाकट्याला इस्त्री बाजूला ठेवून "काय म्हणालास?" असं विचारावं लागलं.

"म्हटलं, फार राग आहे का रे माझ्यावर?"

"छे रे, दादा," धाकटा शर्ट झटकत म्हणाला, "मी असलं काही मनात ठेवत नाही."