बाळंतिणीचा वाडगा

"चूल तुमची, लेक माझी," तोमासा म्हणाली. "आता कसं करायचं, तुम्हीच बोला विहीणबाई."

हासिंताच्या चुलीवर एका अंगाला तिचे पुदिना घातलेले मातीचे पातेले होते आणि दुसऱ्या अंगाला तोमासाचे, डोंगरापलीकडच्या गावाहून पाठीला बांधून आणलेले. दोन्हींत कोंबडी शिजत होती. आतल्या खोलीत पडद्याआड सून ओदिलिया सव्वा महिन्यासाठी निजून होती आणि तिला दूध पुरत नव्हते. दुधाला कोंबडीचे सूप लागते, याबद्दल पुएब्ला प्रांतातल्या त्या डोंगरात दुमत नाही. पण ते कोणाच्या हातचे?

"दोन्ही वाडगे पाठवू," शेवटी हासिंता म्हणाली. "जिच्या वाडग्यात उरेल, तिनं आपलं पातेलं उतरवायचं."

"आणि मग?"

"मग लंगोट धुवायचे. ओढा जवळच आहे."

तोमासा हसली. तिने आपल्या पातेल्यात मक्याच्या कणसाचे तुकडे सोडले, गाजर सोडले, भिजवलेले पांढरे हरभरे सोडले, आणि कडेवरच्या नातवाच्या पाठीवर थोपटत राहिली. तिच्याकडे गेले की पोर गप्प होई. हासिंताकडे आले की भोकाड पसरी.

तोमासा अंगणात गेल्यावर हासिंताने तिच्या पातेल्यात बोट बुडवून चव घेतली. मग आणखी एकदा घेतली. चव चांगली होती. तिला ते फार लागले. तिने उठून आपली काळी कोंबडी धरली. ही अंडी देणारी कोंबडी तिने गावच्या जत्रेलासुद्धा कापली नव्हती.

दुपारी मुलगा सेबेरो कॉफीच्या मळ्यातून आला की दोन्ही वाडगे तोच आत नेई. तेवढेच त्याला ओदिलियाचे तोंड दिसे. बायको जेवली की रिकामे वाडगे बाहेर आणून तो आपल्या घेवड्याच्या उसळीवर आणि मक्याच्या भाकरीवर भागवी. कोंबडी बाळंतिणीची. पुरुषांनी तिच्यातले मागायचे नसते.

पहिल्या दिवशी दोन्ही वाडगे रिकामे आले. दुसऱ्या दिवशीही तसेच. आठवडा उलटला आणि दूध उतरू लागले. पोर पोट भरून झोपायला लागले.

"माझ्या सुपानं," तोमासा म्हणाली.

"हा वाडगा बघा," हासिंता म्हणाली. "हाडं बघा, कशी चोखलीत ती. तुमच्या वाडग्यातली बघा, मांस तसंच चिकटलंय."

तोमासाने वाकून पाहिले. "माझी ओदिलिया हाड चोखते? लहानपणापासून कधी बोट लावलं नाही तिनं."

"ते रश्श्यावर असतं, बाई."

त्या दुपारी हासिंताला फार दिवसांनी भूक लागली. पण मनातला किडा जाईना. दोन्ही वाडगे रिकामे होतात हे खरे, पण सून आधी कोणता उचलते? पोटात आग असताना घेतलेला पहिला घोट कोणाचा? दुसऱ्या दिवशी सेबेरो आत गेल्यावर ती कोंबड्यांना दाणे टाकायच्या निमित्ताने घराला वळसा घालून मागच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली.

ओदिलियाने तोमासाचा वाडगा दोन्ही हातांनी छातीशी धरला होता आणि डोळे मिटून ती पीत होती. दुसरा वाडगा सुनेच्या पुढ्यात नव्हताच. तो सेबेरोच्या मांडीवर होता. त्याने सदऱ्याच्या खिशातून हिरवी मिरची काढली, कचकन चावली आणि वाडगा तोंडाला लावला.

"भुरके मारू नकोस," ओदिलिया कुजबुजली. "चुलीपर्यंत ऐकू जाईल. आणि लवकर संपव. मला त्या पुदिन्याचा वाससुद्धा सोसत नाही."

"पुदिना असायलाच हवा."

"म्हणून तर तूच खा."

"तुला काय कळणार," मानेचे हाड चोखत सेबेरो म्हणाला. "हे आमच्याकडे आजारी पडल्याशिवाय मिळायचं नाही. मी मुद्दाम ओढ्यात भिजून यायचो."

हासिंताने ओरडायला तोंड उघडले होते. ते तसेच राहिले. पायाशी कोंबड्या जमल्या होत्या आणि दाणे अजून तिच्या मुठीतच होते. ती परत फिरली तेव्हा तोमासा ओसरीवर लंगोट वाळत घालत होती. तिने विचारले, "काय झालं विहीणबाई, चेहरा का उतरलाय?"

"ऊन आहे," हासिंता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने आपले पातेले नेहमीसारखे चढवले. पुदिना टाकला, जरा जास्तच. सेबेरो येऊन दाराशी उभा राहिला. तोमासाने आपला वाडगा भरला. हासिंताने आपल्या वाडग्यात मान घातली, दोन्ही पाय घातले, लिंबू पिळले. मग फळीवर दोन हिरव्या मिरच्या घेतल्या, बारीक चिरल्या आणि सुरीने वर सारल्या.

"अहो, काय करता!" तोमासा जवळजवळ किंचाळली. "बाळंतिणीच्या वाडग्यात मिरची? दूध बिघडेल! पोराच्या पोटाला बाधेल!"

"ह्या वाडग्यातली नाही बाधायची," हासिंता म्हणाली आणि वाडगा मुलाच्या हातात दिला. "जा. गरम आहे तोवर खायला सांग तिला."

सेबेरो हलला नाही. मान खाली घालून तो वाडग्यातल्या मिरचीकडे पाहत उभा होता आणि त्याचे कान लाल होत चालले होते.